गालावरचे षटकोन

१

मावशी चष्मा विसरल्या म्हणून परत आल्या, नाहीतर थोरले मालक सकाळपर्यंत तसेच पडून राहिले असते.

दिवे लागायची वेळ होती. लाँड्रीला अर्ध्या दिवसाची सुट्टी होती, त्यामुळे धुलाईची मशीनं थंड आणि ड्रायर गप्प. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री इतकी शांत मावशींनी क्वचितच पाहिली होती. धुलाईच्या हॉलमधून मागच्या अंगणात, जिथे चादरींची गाडी लागते तिथे, प्लायवूडचा एक लांब उतार जात होता. त्या उताराच्या मधोमध थोरले उताणे पडले होते. एक बूट पायात होता, दुसरा शेजारी.

"मालक," मावशींनी हाक मारली. मग सवयीनं आवाज चढवून पुन्हा, "मालक!" आयुष्य मशीनच्या धडधडाटात काढून थोरल्यांचे कान कामातून गेले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, हे तिथल्या प्रत्येकाला अंगवळणी पडलं होतं. पण या वेळी दोष कानांचा नव्हता.

बातमीला पाय फुटतात. लाँड्रीच्या मागेच राहणारा थोरल्यांचा मुलगा, ज्याला सगळे धाकटे मालक म्हणत, अनवाणी धावत आला आणि उतारावरच गुडघे टेकून बसला. "बाबांना हा प्लाय नको होता," तो म्हणाला. "मी हट्टानं बसवला. मी मारलं त्यांना."

मावशी तोंडाला पदर लावून भिंतीशी उभ्या होत्या. त्या पुटपुटल्या, "सकाळी इथे माझ्याच हातून चादरी मऊ करायच्या सॉफ्टनरचा कॅन सांडला. पाणी मारलं होतं मी, पण ते बुळबुळीत औषध असं थोडंच निघतं?"

आणि उताराचं काम केलेला सुतार, मिस्त्री, सगळ्यांत शेवटी आला. त्यानं प्रेताकडे पाहिलंच नाही. तो उताराच्या भिंतीकडच्या बाजूला वाकला, फळीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि मट्कन खाली बसला. "ही कड मी उघडी ठेवली," तो म्हणाला. "फुगलीय. हिलाच पाय अडखळला त्यांचा."

सूनबाई तेवढ्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी सासऱ्यांच्या अंगावर धुतलेली चादर घातली, नवऱ्याला पाणी दिलं, मावशींना खुर्ची दिली. घरातलं एक माणूस तरी भानावर आहे, असं सगळ्यांना वाटलं.

पोलीस पोचेपर्यंत एका मृत्यूचे तीन गुन्हेगार हजर झाले होते.

२

कामाच्या जागी माणूस दगावला की सरकारकडून जागेची तपासणी करायला कोणीतरी येतं. या वेळी निरीक्षकबाई आल्या. आखूड केस, भक्कम बांधा आणि खांद्याला एक मोठी कापडी पिशवी. त्यांनी ती उतारापाशी रिकामी केली तेव्हा आतून जुने बूट, चपला, सपाता निघाल्या.

"बाई, दुकान थाटताय की काय?" फौजदार म्हणाले.

"तुमच्या मापाचा जोड आहे. घाला."

"मी कशाला? अहो, सरळ प्रकरण आहे. म्हातारा माणूस, उतार, पाय घसरला. तुम्ही फक्त एवढंच सांगा की दोष कोणाचा. त्या मिस्त्रीनं तर काल रात्रीच लिहून दिलंय, सहीनिशी. निष्काळजीपणा लावला की झालं."

"लिहून दिलं म्हणजे झालंच असेल असं नाही," निरीक्षकबाई म्हणाल्या आणि उतारावर चक्क मांडी घालून बसल्या. तळहातानं त्यांनी प्लाय चाचपला. वरच्या तपकिरी फिल्मच्या थरावर बारीक तारेच्या जाळीचा खोल ठसा होता. चौकोनच चौकोन, हाताला खरखरीत.

"हा कोणी निवडला?"

"मी," धाकटे मालक म्हणाले. रात्रभर जागल्यानं त्यांचा आवाज बसला होता. "पूर्वी इथे साध्या लाकडी फळ्या होत्या. ओल्या झाल्या की काचेसारख्या व्हायच्या. बाबांना त्या जागी वाळूचा थर दिलेला प्लाय हवा होता. मी म्हटलं, वाळू चादरींना फाडते, ट्रॉलीची चाकं खाते, धाग्यांचे पुंजके धरून ठेवते. जाळीचा घेऊ. ते म्हणाले, चादर फाटली तर शिवता येते, माणूस फाटला तर काय करशील? मी ऐकलं नाही. तेव्हापासून आम्ही कामापुरतंही धड बोलत नव्हतो. एका ताटात जेवणारी माणसं आम्ही, बाई, आणि मीठ मागायचं तरी हिच्यामार्फत." त्यांनी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे हात केला. सूनबाईंनी नुसती मान खाली घातली.

निरीक्षकबाईंनी मावशींकडून सॉफ्टनर मागवला. थोडाथोडका नाही, भसाभसा ओतला. वरून पाणी मारलं. मग थोरल्यांच्या बुटासारखा झिजलेल्या रबरी तळाचा जोड घालून त्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. मध्येच घाईचं सोंग करून वळल्या. पाय धरून राहिला.

"या फौजदारसाहेब."

फौजदार देवाचं नाव घेत उतरले आणि खाली पोचल्यावर जरा ओशाळले.

"जाळीच्या खळग्यांत पाणी उतरतं, तळवा उंचवट्यांवर टेकतो," बाई म्हणाल्या. "महिनोन्महिने ब्रश न लावता त्या खळग्यांत मळ बसू दिला असता तर गोष्ट वेगळी. पण इथे रोज घासलेलं दिसतंय."

"रोज घासते मी," मावशी म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं. "कालसुद्धा दुपारी सगळे गेल्यावर पाणी मारून घासला आणि मगच गेले."

"तेव्हा मालक कुठे होते?"

"घरी जेवायला गेले असतील असं वाटलं. सुट्टीच्या दिवशी जेवून ते बाजारात चक्कर मारतात."

"घरच्यांना वाटलं ते इथेच आहेत," धाकटे मालक हलकेच म्हणाले.

निरीक्षकबाई मिस्त्रीच्या फुगलेल्या कडेपाशी गेल्या. प्लायच्या कापलेल्या कडेला रंगाचा हात दिला नाही तर पाणी आत शिरतं आणि थर फुगतात. इथे तसंच झालं होतं. पण तो उंचवटा नखाएवढा, तोही भिंतीला लागून. आणि थोरले पडले होते ते त्याच्या पुष्कळ वर.

"उतरताना या कडेला अडखळला असता," बाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तर माणूस कडेच्या खाली पडला असता. चढताना अडखळला असता, तर तोंडावर पडला असता. हे वर पडले आणि उताणे पडले."

"म्हणजे?" फौजदारांनी विचारलं.

"म्हणजे हा उतार बिचारा फुकट बदनाम होतोय. मला डॉक्टरांना भेटायचंय."

३

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. मोजकं बोलणारा माणूस होता.

"मान मोडलीय. जागच्या जागी गेले. मागून काहीतरी जड आणि सपाट आदळलं असावं आणि माणूस पुढे फेकला गेला असावा. नुसतं घसरून पडल्यावर असं होत नाही."

"कधी?"

"दुपारी. जेवणाच्या आसपास. पोटात सकाळच्या चहाखेरीज काही नाही."

निरीक्षकबाईंनी फौजदारांकडे पाहिलं. मावशींनी उतार धुतला तो दुपार कलल्यावर, आणि तेव्हा उतार रिकामा होता.

"आणखी एक आहे," डॉक्टर म्हणाले. "माणूस मेल्यावर रक्त अंगाच्या खालच्या बाजूला उतरतं. ज्या जागी अंग जमिनीला दाबून असतं तिथे मात्र येत नाही. तिथली कातडी पांढरी राहते. बरेच तास एकाच जागी पडून राहिलं की खालच्या जमिनीची नक्षी तशीच उमटते. पुढे प्रेत हलवलं तरी ती चटकन जात नाही. यांच्या उजव्या गालावर अशी नक्षी आहे."

"गालावर? पण ते तर उताणे होते."

"म्हणून तर सांगतोय."

"जाळीची नक्षी आहे का? बारीक चौकोन?"

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि पेन्सिलीनं काढून दाखवलं. एकाला एक चिकटलेली सहा बाजूंची घरं, मधमाशांच्या पोळ्यासारखी.

"षटकोन," ते म्हणाले. "तुमच्या उतारावर ते मेलेलेच नाहीत, बाई. त्यांना तिथे कोणीतरी आणून ठेवलंय."

४

मिस्त्रीच्या घरी दार उघडंच होतं. तो आपली हत्यारं एकेक करून पुसून पिशवीत भरत होता. रंधा बाजूला काढून ठेवलेला होता.

"तो शेजारच्याला देणार," त्यानं न विचारता सांगितलं. "आता मला नको. ज्या हातानं माणूस मेला त्या हातानं दुसऱ्याच्या घराची चौकट कशी करू?"

"मिस्त्री, त्या उताराचं काम कसं केलंत ते मला सांगा."

कामाविषयी विचारल्यावर माणसाला जरा बळ आलं. "जाड प्लाय घेतला. भरल्या ट्रॉल्या जाणार म्हणून खाली आडव्या पट्ट्या जवळजवळ दिल्या. वरच्या थराचे तंतू पट्ट्यांना आडवे ठेवले, नाहीतर फळी मध्ये वाकते. दोन फळ्यांत फट ठेवली, फुगायला जागा पाहिजे म्हणून. सगळं नीट केलं, बाई. फक्त शेवटची फळी कापल्यावर कडेचा रंग संपला. म्हटलं, उद्या लावतो. त्या उद्याला उद्याच राहू दिलं मी."

"षटकोनी ठशाचा प्लाय कुठे लावलात?"

मिस्त्रीनं वर पाहिलं. "तो गाडीत."

"चादरींच्या गाडीत?"

"हो. दोन्हीकडे सारखा घेऊ असं धाकटे म्हणत होते. मीच नको म्हटलं. उतारावर ओल्या पायांनी माणूस चालतो, तिथे खोल जाळी पाहिजे. गाडीत ट्रॉल्या सरकवायच्या, रोज फडक्यानं पुसून काढायचं, रोग्यांच्या चादरी असतात त्या. तिथे खोल जाळी घेतली तर चाकं खडखडतात नि घाण अडकते. उथळ षटकोनी ठसा बरा. पाय धरतो नि चाकही पळतं." तो थांबला. "पण त्यातही मी घोळ घातलाय म्हणा."

"कसला?"

"काल सकाळी थोरले आले होते माझ्याकडे. गाडीत अगदी पुढे, कोपऱ्यातली फळी पायाला हलते म्हणाले. कानाला ऐकू यायचं नाही, पण तळपायाला सगळं कळायचं त्यांच्या. मी म्हटलं, मालक, उद्या बघतो. ते म्हणाले, तुझा उद्या मला माहीत आहे, मीच बघतो स्क्रू ढिला आहे का." मिस्त्रीनं हातातली पटाशी खाली ठेवली. "गंमतीत म्हणाले हो. हसत गेले."

निरीक्षकबाई उठल्या. "तो रंधा कोणाला देऊ नका," त्या म्हणाल्या.

"का? माझी चूक नाही का?"

"कडेची आहे. माणसाची नाही."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर सुटका दिसली नाही. तो नुसता बघत राहिला, जणू इतक्या पक्क्या पकडलेल्या गोष्टीवरून हात कसा काढायचा हे त्याला कळत नव्हतं.

५

गाडी अंगणात उभी होती. निरीक्षकबाई मागच्या दारानं आत चढल्या आणि सरळ पुढच्या कोपऱ्यात गेल्या. त्यांनी फळीवर पाय दाबला. हलली. खाली मऊ तपकिरी षटकोन. एका फटीत अडकलेला छोटा पेचकस त्यांना सापडला. बाजूलाच एक दार होतं, तिथून थेट या कोपऱ्याशी शिरता येत होतं. त्याला आतून मूठ नव्हती. बाहेर एक आडवी लोखंडी कडी तेवढी.

मावशी अंगणात चादरी मोजून ठेवत होत्या.

"मावशी, ही गाडी भरून निघताना काय काय होतं? मला रोजच्यासारखं सांगा."

"काय व्हायचंय? पोरं मागून ट्रॉल्या चढवतात, छतापर्यंत. चालवणारा आधीच स्टिअरिंगवर बसलेला असतो, इंजिन चालू. धाकटे मालक बाजूची कडी घालतात, पत्र्यावर थाप मारतात आणि गाडी निघते. त्यांची थाप पडल्याशिवाय गाडी हलतच नाही."

"काल कोण चालवत होतं?"

"ड्रायव्हर तापानं पडलाय. मग वहिनीच नेतात."

सूनबाई इस्त्रीच्या खोलीत होत्या. घरात माणसांची ये-जा होती, पण दवाखान्यांना चादरी तर लागणारच होत्या. त्या एकट्याच मोठ्या चादरीची घडी घालायला धडपडत होत्या. निरीक्षकबाईंनी न बोलता दुसरी दोन टोकं उचलली. दोघी मागे सरकल्या, चादर ताणली आणि टोकाला टोक लावत एकमेकींकडे चालत आल्या.

"काल परत कधी आलात, ताई?"

"ऊन उतरल्यावर."

"उतारावर कोणी होतं?"

"मी पाहिलं नाही. गाडी लावली आणि घरी गेले."

दुसरी चादर. पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"मिस्त्रींनी मला त्यांची कड सांगितली," निरीक्षकबाई म्हणाल्या. "मावशींनी सॉफ्टनर सांगितला. तुमच्या यजमानांनी भांडण सांगितलं. घरातलं माणूस गेलं की प्रत्येकजण स्वतःला चाचपून बघतो. मी हे केलं नसतं तर, मी ते केलं असतं तर. तुम्ही एकट्याच अशा, ज्यांना सांगायला काही नाही."

"माझी काही चूक नव्हती म्हणून."

"चूक नसलेलीच माणसं जास्त बडबडतात, ताई."

चादरीचं टोक सूनबाईंच्या हातातून सुटलं. त्यांनी ते उचललं नाही.

"मामंजींच्या गालावर गाडीतल्या प्लायचा ठसा आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या.

खोलीत फक्त गरम इस्त्रीचा वास होता. सूनबाई कपड्यांच्या ढिगावर हळूच बसल्या. बोलायला लागल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता, हिशेब सांगावा तसा.

"वळणावर एक सायकल आडवी आली. मी करकचून ब्रेक मारला. मागे धप्प आवाज झाला. मला वाटलं, गाठोडं पडलं. मी थांबले नाही, उशीर झाला होता. प्रत्येक ठिकाणी तिथली माणसं मागून ट्रॉल्या उतरवून घेत होती. सगळ्यांत शेवटी मोठ्या दवाखान्याचं मागचं दार. शेवटची ट्रॉली मी स्वतः ओढली. तिच्यामागे..." त्या थांबल्या. "दवाखान्याच्या दारात होते मी, बाई. हाक मारली असती तर डॉक्टर धावत आले असते. मी त्यांचा हात हातात घेतला. गार होता. मी दार लावलं आणि परत फिरले. म्हटलं, आता डॉक्टर काय करणार. पण कोण जाणे, जीव असला तर? काल रात्रीपासून हेच चाललंय माझ्या डोक्यात. जीव असला तर?"

"नव्हता," निरीक्षकबाई म्हणाल्या. "ब्रेक लागला, ट्रॉली आदळली, तिथेच संपलं. जिवंत माणसाच्या गालावर असा ठसा टिकत नाही. ज्या ठशानं तुम्हाला पकडलं, तोच हेही सांगतो."

सूनबाईंनी डोळे मिटले. अश्रू आले, पण त्यांत हलकेपणा नव्हता.

"ट्रॉलीवरून आणून उतारावर ठेवलंत?"

"हलके होते ते. पोरासारखे."

"का, ताई? अपघात होता. तुम्हाला माहीतही नव्हतं ते आत आहेत. सांगून टाकलं असतं तर कोणी काय बोललं असतं?"

"घाबरले."

"असं घाबरलेलं माणूस दवाखान्याच्या दारात किंचाळतं. तुम्ही तिथे उभं राहून विचार केलात." निरीक्षकबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "बाजूच्या दाराला आतून मूठ नाही. मामंजी त्या दारानं आत गेले, फळी बघायला. मग बाहेरची कडी कोणी लावली?"

"मी."

"तुम्ही स्टिअरिंगवर होतात."

"मी लावली म्हणते ना!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

निरीक्षकबाईंनी खाली पडलेलं चादरीचं टोक उचललं. बाहेर मावशींचा खराटा वाजत होता.

६

"ते आत आहेत हे यांना कसं कळणार?" सूनबाई म्हणाल्या. "मागून ट्रॉल्या रचलेल्या, बाजूचं दार नुसतं लोटलेलं, पुढचा कोपरा दिसतच नाही. ड्रायर चालू, इंजिन चालू. यांनी हाक मारली असती तरी मामंजींना ऐकू गेली नसती. आणि मारणार कशाला? बोलतच नव्हते दोघं. नाहीतर निघताना विचारलं असतं, बाबा कुठे आहेत म्हणून." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "यांनी कडी घातली. दोन थापा मारल्या आणि म्हणाले, चल, निघ. बाई, ज्यानं बापाशी अबोला धरला त्यानंच बापाला आत कोंडून थाप मारली, हे त्यांना कळलं तर ते जगतील का? मला वाटलं, उतारावर ठेवले तर लाकडावर जाईल. लाकडाला कोण शिक्षा करतं? लाकडामागे मिस्त्री आहेत हे माझ्या डोक्यातच नाही आलं."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर गप्प बसले."

"मी अहवाल लिहिणार आहे," निरीक्षकबाई म्हणाल्या. "त्यात कडी येणार. ती गाळली तर मिस्त्रींवरचा संशय पुरता जायचा नाही, आणि गाळणं माझ्या हातून व्हायचंही नाही. पण तुमच्या यजमानांनी ते कागदावर वाचावं असं मला वाटत नाही. ते तुमच्या तोंडून ऐकू देत."

"नाही जमणार."

"मी इथेच बसते. उरलेल्या चादरींच्या घड्या घालते."

खिडकीतून अंगण दिसत होतं. सूनबाई गाडीपाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे गेल्या. इथून शब्द ऐकू येत नव्हते. धाकटे मालक आधी मान हलवत राहिले, नाही, नाही अशी. मग त्यांनी मान हलवणं थांबवलं. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि गाडीच्या पत्र्यावर, रोज थाप मारतात त्या जागी, नुसता टेकला. तिथून तो खाली आलाच नाही. सूनबाईंनी तो सोडवायचा प्रयत्न केला, पण मग तशाच त्याला धरून उभ्या राहिल्या.

पुष्कळ वेळानं धाकटे मालक इस्त्रीच्या खोलीच्या दारात आले.

"मी थाप मारली तेव्हा बाबा जिवंत होते," ते म्हणाले. त्यांना प्रश्न विचारायचा नव्हता.

खोटं बोलायला ती जागा सोपी होती. निरीक्षकबाईंनी ते केलं नाही. "होते," त्या म्हणाल्या.

धाकट्या मालकांनी मान डोलावली. "चला मग, पोलिसांकडे."

चौकीत बाकावर मिस्त्री आधीच बसलेला होता. निरीक्षकबाईंचा निरोप त्याला पोचला होता की त्याचा जबाब रद्द करायचा आहे. धाकटे मालक त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "बाबा तुमच्या उतारावर पडलेच नाहीत, मिस्त्री."

"बाईंनी सांगितलं," मिस्त्री म्हणाला. "पण फळी हलत होती ना गाडीतली. मी कालच बघितली असती तर ते आत गेलेच नसते."

"ट्रॉलीच्या चाकांचा ब्रेक लावलेला नव्हता," धाकटे मालक म्हणाले. " ते बघणं माझं काम."

"गाडी तर मी चालवत होते," सूनबाई म्हणाल्या.

फौजदारांनी लेखणी टेबलावर ठेवली. काल रात्री याच टेबलावर सगळं कसं सरळ होतं. "एकेक जण बोला हो," ते वैतागून म्हणाले. "मी कोणाचं काय लिहू? काल गुन्हेगार तीन होते, आज ते वाढलेत. अपघात आहे तो. प्रेत हलवलं ते मात्र बेकायदा, त्याचं उत्तर वहिनींना द्यावं लागेल. बसा. पहिल्यापासून सांगा. गाडी निघाली तिथपासून."

सूनबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. त्या मिस्त्रीकडे वळल्या. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं, हे त्या पाहण्यातूनच कळत होतं.

"काल तुम्ही त्या कडेवरून बोट फिरवलंत," त्या म्हणाल्या, "आणि म्हणालात, हिलाच पाय अडखळला. मी तिथेच उभी होते. मला खरं माहीत होतं. तुम्ही रात्री इथे येऊन सही केलीत तेव्हाही मला कळलं होतं. मी उठून चहा केला." त्या फौजदारांकडे वळल्या. "साहेब, आधी हे लिहा. गाडीचं, सायकलचं, सगळं मग सांगते. मी गप्प राहिले हे आधी लिहा."

"वहिनी, गप्प राहण्यासाठी माझ्याकडे कलम नाही."

"नसू दे. लिहा."

फौजदारांनी निरीक्षकबाईंकडे पाहिलं. त्यांनी काही खूण केली नाही. मिस्त्री बाकावरून उठला होता आणि दोन्ही हात समोर धरून उभा होता. धाकटे मालक बायकोच्या मागे येऊन थांबले.

फौजदारांनी नवा कागद घेतला, सूनबाईंचं म्हणणं पुन्हा एकदा विचारलं, आणि त्या सांगतील तसं लिहायला लागले.